पाहुण्याच्या नजरेतली वाडी

आपल्या समाजाच्या नियतकालिकांत, विशेषतः नाताळ विशेषांकांत, एक लेख असा असतो की तो नसेल तर अंक अपुरा वाटावा. लेखकाचे नाव दरवर्षी बदलते. लेख मात्र तोच असतो. वसईच्या पट्ट्यातील एखादे जुने कौलारू घर, त्याच्या पुढची ओटी, अंगणातला क्रूस, मागे पसरलेली केळीची आणि पानवेलीची वाडी, विहिरीवर कुरकुरणारा रहाट, आजीच्या हातची तांदळाची भाकरी आणि सणाच्या सकाळी घरभर दरवळणारा इंदेलचा वास. लेखाच्या अखेरीस ते घर पडलेले असते किंवा त्याच्या जागी इमारत उभी राहिलेली असते, आणि लेखक एक सुस्कारा टाकून लेखणी खाली ठेवतो. प्रस्तुत लेखकाने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असे लेख पुष्कळ वाचले, काही वाचताना त्याचे डोळे ओलावले, आणि एक तर त्याने स्वतःच लिहिला. तेव्हा पुढे जे म्हणावयाचे आहे ते परक्याने काढलेले दोष नव्हेत, एवढे आधीच सांगून ठेवतो.

या लेखनाचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. मराठी ललित गद्यात कोकणचे घर आले ते बहुतेक रत्नागिरीचे आणि सिंधुदुर्गाचे आले. मुंबईपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर असलेला वसईचा हिरवा पट्टा, तिथली ख्रिस्ती शेतकरी कुटुंबे, त्यांची कादोडी आणि वाडवळी बोली, यांची दखल मराठी साहित्याने फार उशिरा घेतली. ती घ्यायला लावली आपल्याच लेखक-लेखिकांनी, आणि त्यांचे पहिले लेखन बहुतेक अशाच लहान नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. केळीच्या जातींची नावे, रहाटाच्या भागांची नावे, लग्नात म्हणावयाची गाणी, पानांची कवळी बांधण्याची रीत, हे सारे या लेखांमुळे कागदावर उतरले. ज्या घरांत आज नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकतात त्या घरांत हे शब्द आता अशा अंकांखेरीज दुसरीकडे भेटणे कठीण आहे. ही कामगिरी लहान नव्हे.

असे असूनही या लेखांच्या राशीपुढे बसले की मनात एक अस्वस्थता दाटते. वाडीवर एवढे लिहिले गेले, तरी वाडी दिसत का नाही? फळ दिसते, फूल दिसते, सावली दिसते. वाडी दिसत नाही.

याचे एक कारण मला या लेखांच्या वाटेत सापडले. लेखक घरात शिरतो तो नेहमी पुढच्या बाजूने. अंगण ओलांडून तो ओटीवर येतो, तिथल्या बाकावर बसतो, भिंतीवरच्या तसबिरींकडे आणि आल्ताराकडे पाहतो, मग माजघरात डोकावून आजीला हाक मारतो. पानात पडेल ते जेवतो, दुपारी आंब्याखाली लवंडतो आणि सांजेला आंजेलूसची घंटा झाली की लेख संपतो. मागच्या दाराने तो क्वचितच बाहेर पडतो. पण वाडीतल्या घराचा व्यवहार मागच्या दारानेच चालत असे. गोठा मागे, शेणाचा खड्डा मागे, विहीर मागे, पानांच्या आणि भाजीच्या टोपल्या भरण्याची जागा मागे. ओटी होती ती आल्यागेल्यासाठी. म्हणजे आपण स्वतःच्या घराचे वर्णन करतो आहोत ते पाहुण्याला जेवढे घर दाखवतात तेवढ्याचेच.

आता रहाटाचे पाहा. असा एक लेख मला दाखवावा की ज्यात रहाट नाही. आणि असाही एक दाखवावा की ज्यात रहाट आवाजापलीकडे आणखी काही करतो! वस्तुतः रहाट हे यंत्र होते. विहिरीवरच्या चाकावरून गाडग्यांची माळ खाली पाण्यात जाई, भरून वर येई आणि पन्हळीत रिती होई. ते चाक फिरविण्यासाठी डोळ्यांवर झापड बांधलेला बैल किंवा रेडा तासन्तास एकाच वर्तुळात चाले. पन्हळीतून पाटात, पाटातून सरीत आणि सरीतून आळ्यात पाणी जाई. पण ते आपोआप जात नसे. हातात फावडे घेतलेले माणूस एक आळे भरले की त्याचे तोंड मातीने बुजवी आणि पुढच्याचे उघडी. केळ तहानेला हळवी आणि पानवेल तर तिच्याहून हळवी. पावसाळा सरला की पुढचा पाऊस येईतो, म्हणजे वर्षातले आठ महिने, हे शिंपणे चुकत नसे. घरात मयत असो की लग्न, पाणी द्यावेच लागे. रहाटाचा जो आवाज ऐकत आपल्या लेखकाला पहाटेची साखरझोप लागे, त्या आवाजाच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी जागे होते. ते कोण, याचा उल्लेख शंभरातल्या पाच लेखांतही नसेल.

वासाचेही तेच. मोगऱ्याचा वास प्रत्येक लेखात आहे आणि असावाच. वसईची फुले दादरच्या बाजारात गेली ती त्याच वासावर. पण वाडीला आणखी एक वास होता. सुकलेल्या मासळीचे खत झाडांच्या मुळाशी घातले की दोन-चार दिवस घराच्या खिडक्या लावून घ्याव्या लागत. अर्नाळ्याच्या आणि नायगावच्या किनाऱ्याचे वाडीशी असलेले नाते त्या वासात होते. समुद्राने द्यावे, मातीने घ्यावे आणि केळीने उभे राहावे, असा तो व्यवहार. ललित लेखनाला हा वास सोसला नाही. मोगरा राहिला, मासळी गेली.

या ठिकाणी मला एका परक्या माणसाची आठवण होते. जेमेल्ली कारेरी हा नेपल्सचा प्रवासी जगप्रदक्षिणेला निघाला होता आणि 1695 मध्ये तो वसईस आला. 1534 पासून वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये ती जिंकली, त्याच्या चव्वेचाळीस वर्षे आधीची ही भेट. वसईच्या कोटाबाहेर निघालेल्या वाटेवर पंधरा मैल बागांखेरीज दुसरे काही नाही, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदविले आहे. माड, आंबे, अंजीर, ऊस. वसईतील पोर्तुगीज सरदारांनी या बागांत हवा खाण्यासाठी घरे बांधली होती. कडक उन्हाळ्यात आणि शहरात साथ पसरली की ते तिथे येऊन राहत. आज ज्याला आपण फार्महाऊस म्हणतो ते वसईला सव्वातीनशे वर्षांपूर्वी होते, हे वाचून वाचकांना गंमत वाटेल. पण कारेरीची खरी हुशारी पुढे आहे. या बागा सदा हिरव्या कशामुळे, असा प्रश्न त्याला पडला आणि त्याचे उत्तरही त्याने लिहून ठेवले. आसपासच्या गावांतील ख्रिस्ती, मुसलमान आणि हिंदू शेतकरी विशिष्ट यंत्रांनी त्यांना पाणी देतात म्हणून. काही दिवसांपुरता आलेला, आपली भाषा न जाणणारा हा इटालियन माणूस. त्याने आमराईची सावली घेतली आणि पाणी कोण देतो तेही विचारले. आपण तिथे जन्मलो आणि विचारले नाही.

त्या नोंदीत एक बोचरी गोष्टही दडलेली आहे. 1695 च्या वसईत बाग दोघांची होती. एक तिथे हवा खायला येणारा आणि दुसरा पाणी देणारा. आपले पूर्वज त्यांतले कोण होते हे सांगायला इतिहास संशोधक नको. मग त्यांची नातवंडे लिहायला बसली तेव्हा लेखणीत नजर उतरली ती हवा खायला येणाऱ्याची, हे कसे झाले? मला वाटते, शिक्षणाने झाले. ज्याने लिहिले तो बहुधा घरातला पहिला शिकलेला मुलगा. तो वसई रोड किंवा विरार स्टेशनावरून मुंबईला कचेरीत जाऊ लागला, आणि रविवारपुरता व सुटीपुरता वाडीत उरला. त्याला फावड्यापासून मोकळे ठेवण्यासाठी घरातल्या इतरांनी जास्त फावडे चालविले. मुलगा पाहुणा झाला तो घरच्यांच्याच मेहनतीने. त्याने पाहुण्यासारखे लिहिले यात त्याचा दोष थोडा. पण आपण पाहुणे आहोत हे त्याला कळलेच नाही, हा दोष लेखक म्हणून त्याच्या पदरी पडतोच.

पाहुण्याच्या नजरेने लिहिलेले सारेच उणे असते, असे मात्र कोणी समजू नये. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ 1956 साली निघाले. बारा महिन्यांच्या बारा रूपांचे ते पुस्तक शहरात राहणाऱ्या विदुषीने लिहिलेले आहे. तिने कुठेही मातीवर मालकी सांगितलेली नाही. ती पाहते, आणि इतके बारकाईने पाहते की आपण रोज ओलांडून जातो ते झाड वर्षात किती वेळा रंग बदलते हे आपल्याला तिच्याकडून कळते. आपल्या लेखांची गोष्ट निराळी. ते सौंदर्य पाहणाऱ्याचे असतात आणि हक्क मात्र राबणाऱ्याचा सांगतात. ‘आमची वाडी’ या दोन शब्दांत ‘आमची’ हा शब्द कमावलेला आहे की नुसता वारशाने आलेला आहे, हा प्रश्न लेखाला विचारलाच पाहिजे.

तो कसा कमावता येतो हे पाहावयाचे तर आनंद यादवांच्या ‘झोंबी’कडे जावे. 1987 मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि 1990 मध्ये तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कोल्हापूरजवळच्या कागलचा मळा आणि वसईची वाडी यांत मातीचा, पिकाचा आणि हवेचा फरक आहे, हे खरे. परंतु दोन्हीकडे विहीर आहे, पाट आहे, आणि पाण्यामागे उभे राहावे लागणारे मूल आहे. त्या मुलाला शाळेत जायचे आहे आणि बापाला ते मळ्यावर हवे आहे. यादवांच्या पानांत ऊस गोड लागतो, नाही असे नाही. पण त्या गोडीत किती पहाटा बुडाल्या आहेत ते वाचक विसरू शकत नाही. आपल्यापैकी ज्या पिढीने मॅट्रिक होण्यासाठी वाडीशी अशीच झोंबी घेतली तिने ती लिहिली नाही. घराची अब्रू जाईल असे वाटले असेल. किंवा नाताळच्या अंकात रडगाणे नको, असे संपादकांनीच सुचविले असेल. आपले संपादक मोठे सौजन्यशील असतात.

आणि घराची अब्रू राखूनही खरे सांगता येते, याचा दाखला तर मराठीतील ख्रिस्ती लेखनातच आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 मध्ये आला. पंथाने त्या आपल्याहून निराळ्या. पण आपल्या घरांतून हे पुस्तक निराळे म्हणून कधी वाचले गेले नाही. माहेरी वडिलांच्या सोवळ्यापायी घरातल्या बायकांचे जे हाल होत ते ही बाई हसत हसत सांगते, आणि हातातला पैसा देऊन मोकळ्या होणाऱ्या नवऱ्याचा संसार ओढताना तिची जी ओढाताण झाली तीही हसतच सांगते. बापावर आणि नवऱ्यावर तिची माया होती म्हणूनच हे तिला सांगता आले. आपल्या लेखांत आजीवर माया पुष्कळ असते, पण आजीविषयी माहिती काहीच नसते. आजी प्रेमळ होती, आजीच्या हाताला चव होती, एवढ्यावर तिची बोळवण होते. आजी पहाटेच्या गाडीने डोक्यावर टोपली घेऊन मुंबईच्या कोणत्या बाजारात जात होती, पानांचा आणि फुलांचा भाव उतरला त्या वर्षी तिने काय केले, सावकाराशी कोण बोलत असे, हे कुठे येत नाही.

चव म्हटली म्हणून खाण्याकडे वळतो. या लेखांतला हा सर्वांत लोकप्रिय भाग, आणि सर्वांत आळसाने लिहिलेलाही. पदार्थांची यादी दिली की काम झाले असे लेखकाला वाटते. सुकेळीचेच उदाहरण घेऊ. आगाशी, नंदाखाल या बाजूच्या राजेळी केळ्यांची ही सुकवण. लेखात ती पुडक्यातून बाहेर येते, मधासारखी लागते आणि संपते. ती पुडक्यात गेली कशी? पिकलेले राजेळी केळे सोलून उन्हात पसरावयाचे, संध्याकाळी दव पडण्याआधी उचलून घरात आणावयाचे, सकाळी पुन्हा पसरावयाचे. असे काही दिवस केले की केळे आकसून काळपट लाल होते आणि मग ते केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधून ठेवतात. यात साखर नाही, तूप नाही, विस्तवही नाही. ऊन आणि लक्ष, एवढेच. मध्येच आभाळ आले तर सारे बुरशीला जाते; म्हणून जिच्याकडे सुकेळ्या असत तिचे डोळे त्या दिवसांत सतत वर लागलेले असत. नासणारे पीक टिकविण्याची ही युक्ती होती. ती पक्वान्न झाली नंतर. हे सांगितले म्हणजे सुकेळीची गोडी कमी होते काय? मला तर वाढलेली वाटते.

ईस्ट इंडियन घरांतल्या बाटलीच्या मसाल्याचेही तसेच आहे. उन्हाळ्यात मिरच्या, धने आणि डझनावारी जिनसा वाळवून, भाजून, कांडून मसाला बाटल्यांत ठासून भरावयाचा आणि वर्षभर पुरवावयाचा, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तो कांडायला घरोघर मजुरीने फिरणाऱ्या बाया असत. उखळाभोवती बसून लांब मुसळांनी एका लयीत कांडताना त्यांच्या नाकातोंडात जे जाई त्याने त्या दिवसभर शिंकत असत. मसाल्याच्या कृती छापून निघाल्या. शिंकणाऱ्या बाया कुठल्याच कृतीत आल्या नाहीत.

इथे एका अवघड जागी आपण येऊन पोहोचतो. वाडीत घरच्या माणसांखेरीज आणखीही माणसे राबत. लेखांत त्यांना ‘गडी’ म्हणतात, आणि बहुधा तो ‘इमानी’ असतो. आगगाडीच्या रुळांच्या पूर्वेकडून, डोंगरपट्ट्यातून आलेली वारली कुटुंबे आपल्या कितीतरी वाड्यांच्या कडेला झोपड्यांत राहिली. याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, उत्तरेकडे डहाणू आणि उंबरगावच्या बाजूला, 1945 मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकिकत आहे. आपल्या वाड्यांत त्या जमीनदारांसारखा जुलूम होता असे मी म्हणत नाही. लहान बागाईतदार स्वतः मजुराच्या बरोबरीने चिखलात उभा असे. पण त्या माणसाला नाव होते. त्याची मुले आपल्याबरोबर बावखलात डुंबली. बावखल म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारे आपले गावतळे. त्यात उतरताना कोणी कोणाचा गडी नसे. मग लेखात उतरताना त्याचे नाव का गळते?

बावखलावरून शेवटच्या विषयाकडे यावे लागते, कारण आपल्या लेखांचा शेवट तिथेच होतो आणि तिथेच त्यांचा खोटेपणा सर्वांत अधिक आहे. घर पडते, वाडी जाते. कशी जाते? वाचताना वाटते की समुद्राच्या भरतीने गेली असावी. ‘काळाच्या ओघात’, ‘विकासाच्या लाटेत’, ‘काँक्रीटच्या जंगलात’ अशा शब्दांत कर्ता कोणीच नसतो. घडले ते असे. विजेचे पंप आले, रहाट थांबले, आणि पूर्वी जनावराच्या चालीने निघणारे पाणी आता कळ दाबली की निघू लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे उपसले की खालचे चढते. टँकर आले, आणि वाडीचे पाणी केळीला जायचे ते नव्या इमारतींना विकले जाऊ लागले. कितीतरी विहिरी मचूळ झाल्या. 1990 मध्ये वसई-विरार पट्ट्याच्या नियोजनाचे काम सिडकोकडे आले, इमारती वाढत गेल्या, 2009 मध्ये महानगरपालिका झाली. सरकारी निर्णयांचा आणि बांधकामवाल्यांचा वाटा यात मोठा आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु सातबाऱ्यावर सही कोणाची होती? टँकरला विहीर कोणी दिली? भाऊबंदकीत वाटण्या होऊन वाडीचे तुकडे पडले तेव्हा पहिला तुकडा विकायला कोण निघाला? याची उत्तरे प्रत्येक घराला ठाऊक आहेत आणि कोणत्याच लेखात नाहीत. विकणाऱ्यांना मी दोष देत नाही. मुलीचे लग्न, मुलाचे परदेशी जाणे, आजारपण, न परवडणारी शेती. कारणे खरी होती. ती खरी होती म्हणूनच लिहिण्याजोगी होती.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 2024 मध्ये निधन झाले. नंदाखालच्या मातीत जन्मलेला हा माणूस 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्यांच्या ‘नाही मी एकला’ या आत्मकथनाकडे आपल्या ललित लेखकांनी लेखक म्हणून पाहायला हवे, असे मला वाटते. तिथे हिरवी वसई नुसती आठवण म्हणून येत नाही. ती राखण्यासाठी झालेल्या चळवळीची हकिकत येते, आणि चळवळ म्हटली की बाजू आल्या, माणसे आली, धमक्या आल्या, आपल्यातले मतभेद आले. आपण त्या पुस्तकातली तळमळ घेतली आणि भांडण सोडून दिले. भांडणाशिवायची तळमळ पर्यटनाच्या माहितीपत्रकाला फार उपयोगी पडते. राजोडी, कळंब, अर्नाळा या किनाऱ्यांवर आज रिसॉर्टांची रांग आहे. त्यांतल्या काहींत भिंतीवर जुन्या रहाटाची चित्रे आणि दाराशी शोभेची गाडगी दिसतात. खाली मजकूर लिहायचा झाला तर आमच्या नाताळ अंकातला कोणताही लेख जसाच्या तसा चालेल. समीक्षक म्हणून याहून कठोर शब्द माझ्यापाशी नाही.

आता माझ्या स्वतःच्या लेखाबद्दल. तो पंचवीस-एक वर्षांपूर्वी छापून आला तेव्हा मोठ्या हौसेने मी तो आत्याला वाचून दाखविला. तिने डोळे मिटून सगळा ऐकला. बरा लिहिलास म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘अरे, पण विहिरीवर कोण होतं ते नाही लिहिलंस.’’ मी म्हटले, कोण होते? ती म्हणाली, ‘‘मी होते.’’ लग्न होईपर्यंत रोज पहाटे पाणी लावायला ती होती. माझ्या लेखात आत्या होती, पण पदरातून चिंचा देण्यापुरती.

तिच्यामागे तिच्या ट्रंकेत आजोबांची एक वही निघाली. लांबट, लाल कापडी बांधणीची. तिच्यात वाङ्मय म्हणावे असे काहीच नाही. पानांच्या कवळ्या किती गेल्या, भाव काय मिळाला, रहाटाची माळ दुरुस्त केली, सुताराला काय दिले, रेडा आजारी, कोण किती दिवस कामाला आले, कोणाला उचल दिली. मजुरांची नावे आहेत, सगळी, पूर्ण. एके ठिकाणी ‘मुलगी पाण्यावर, शाळा चुकली’ अशी नोंद आहे, आणि त्यापुढच्या कित्येक पानांवर तीच नोंद नुसत्या खुणेने केलेली आहे. पुढे पंप घेतल्याचा खर्च आहे. त्यानंतर मजुरांची नावे कमी होत जातात, आणि मग जमिनीच्या एका तुकड्याची मोजणी, तिची तारीख आणि ज्याने ती घेतली त्याचे नाव. ही नोंद माझ्या वडिलांच्या हस्ताक्षरात आहे. त्या पैशातले काही माझ्या कॉलेजच्या फीला गेले, असे शेजारच्याच ओळीत लिहिलेले आहे.